‘शुगरचं पुस्तक आहे का?’ : नागपुरातल्या नव्या ग्रंथपालांसाठी आरोग्य-माहितीचं काम

दुपारचे तीन वाजलेले. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं माना खाली घालून बसलेली. अशात साठीचे एक गृहस्थ देवघेवीच्या टेबलाशी येतात, कोणी ऐकत नाही ना हे पाहून घेतात आणि विचारतात, “शुगरचं काही पुस्तक आहे का?” नवा ग्रंथपाल तत्परतेनं उठतो, कपाटातून मधुमेहावरचं तीनशे पानांचं पुस्तक काढतो, नोंद करतो, देतो. पंधरा दिवसांनी पुस्तक जसंच्या तसं परत येतं.

गृहस्थांच्या खिशात तपासणीचा कागद होता. त्यावर ‘एचबीए१सी ८.२’ लिहिलेलं होतं. हा आकडा कशाचा, आणि सकाळी उपाशीपोटी काढलेल्या शुगरपेक्षा तो वेगळा का, एवढंच त्यांना हवं होतं. (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यातून कळते. एका दिवसाचा उपास करून तो आकडा खाली येत नाही.) पण विचारायला जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी पुस्तक मागितलं.

आरोग्य साक्षरता म्हणतात ती चार कामांची गोष्ट आहे. माहिती मिळणं, ती कळणं, खरी-खोटी पारखता येणं आणि घरी जाऊन वापरता येणं. वाचनालयांना पहिल्या कामाची सवय आहे. उरलेली तीन कामं आपली नव्हेतच असं आपण धरून चालतो. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, डागा आहे, मिहानमध्ये एम्स आहे, सगळी सरकारी रुग्णालयं; गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्यापासून माणसं इथे येतात. मात्र ओपीडीत प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात आणि बरेचसे प्रश्न घरी परतल्यावर सुचतात. त्या प्रश्नांना मोहल्ल्यातलं वाचनालय ही चांगली जागा आहे. तिथे रांग नाही, केसपेपर नाही आणि “आधी का नाही आलात?” म्हणून कोणी रागावत नाही.

खालचं काम ‘ड’ म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात लहान वर्गातल्या, एकच ग्रंथपाल आणि एक शिपाई असलेल्या वाचनालयालाही जमतं. त्यासाठी वेगळं अनुदान लागत नाही. झेरॉक्सचा खर्च, एक रजिस्टर आणि आठवड्याचे दोन-तीन तास पुरतात.

पहिला पंधरवडा: पुस्तकं मागवू नका, फिरा

नवीन माणूस रुजू झाला की यादी करून पुस्तकं मागवायला लागतो. थांबा. आधी वाचनालयाभोवतीचा दीड-दोन किलोमीटरचा टापू पायी पाहून घ्या. औषधाचं दुकान, अंगणवाडी, बचत गटाची बैठक, नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातली रांग आणि कामगार सकाळी उभे राहतात तो ठिय्या, एवढ्या ठिकाणी गेलात तरी पुष्कळ. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचारा. आजाराबद्दल घरात कोणत्या भाषेत बोलता? वाचता कोणत्या भाषेत? आणि दवाखान्याचा कागद घरात कोण वाचून दाखवतं?

तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि पुढचं सगळं काम त्यावर बेतायचं असतं. मोमिनपुऱ्यात म्हाताऱ्या माणसांना उर्दू लिपी वाचता येते, नातवंडांना देवनागरी किंवा इंग्रजी. जरीपटक्यात सिंधी बोलणाऱ्या घरांत जुनी पिढी अरबी वळणाच्या लिपीत शिकलेली आणि नवी पिढी हिंदीत. गोंडी घरात बोलली जाते, पण गोंडीत छापलेला कागद दिला तर तो वाचणारे फार थोडे. त्यांना मराठीतला किंवा हिंदीतला कागद द्या आणि गोंडीत समजावणारा माणूस शोधा. बांधकामावरची छत्तीसगढी कुटुंबं हिंदी समजतात, पण वाचणारं एखादंच. बुटीबोरी, हिंगण्याच्या बाजूला भोजपुरी, उडियाही कानावर येते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत ‘नववी-दहावीची पोरगी’ असं असतं. म्हणजे तुमच्या कागदाची खरी वाचक ती आहे. आजीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा कागद तिला मोठ्यानं वाचावा लागणार आहे, हे ध्यानात ठेवून शब्द निवडा.

एका कागदावर पत्ते

फिरून आल्यावर सगळ्यात आधी ए-फोर आकाराचा एकच कागद करा. जवळचं आरोग्य केंद्र, तिथली ओपीडीची वेळ, सुट्टीचा वार, लसीकरणाचा वार, कोणत्या तपासण्या फुकट होतात. जवळचं जनऔषधी केंद्र. मग फोन नंबर: रुग्णवाहिका १०८, गरोदर बाई व तान्ह्या बाळासाठी १०२, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, आयुष्मान कार्डाच्या चौकशीसाठी १४५५५.

प्रत्येक नंबर स्वतः लावून पाहा, मगच लिहा. खाली ‘तपासले’ म्हणून तारीख टाका आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एकदा बंद नंबर दिला की तो माणूस तुमचा दुसरा कागद हातात घेत नाही.

खासगी डॉक्टरांची नावं त्यावर अजिबात नकोत, अगदी तुमचे घरचे डॉक्टर असले तरी. उपचार फसला की मोहल्ला म्हणतो, “वाचनालयानं पाठवलं होतं.”

आयुष्मान आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल लोक हमखास विचारतात. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अडतं पुढे. कार्ड आहे म्हणजे कुठल्याही रुग्णालयात कुठलाही इलाज फुकट, असा समज असतो. तुमच्या कागदावर एक वाक्य ठळक लिहा: ‘भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा: या आजारासाठी, या रुग्णालयात योजना लागू आहे का?’ आरोग्यमित्र म्हणजे योजनेसाठी नेमलेला मदतनीस; योजनेत असलेल्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. हे एक वाक्य वेळेवर विचारलं गेलं तर पुढची पुष्कळ धावपळ वाचते.

कपाट

डेवी वर्गीकरणानं, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा (वर्गांक) देऊन, आरोग्याची पुस्तकं नीट लावली की ती वाचकाच्या दृष्टीनं विखुरतात. मधुमेह ६१६.४६२ वर, आहार ६१३.२ वर, व्यायाम आणि योगासनं ६१३.७ वर, मधुमेहींचा स्वयंपाक ६४१.५ मध्ये आणि बाळाची निगा ६४९ मध्ये. वर्गांक बदलू नका, दाखलनोंद बिघडवू नका. पुस्तकाच्या पाठीवर वर्गांकाच्या वर हिरव्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावा आणि ही सगळी पुस्तकं एका कपाटात आणा. तालिकेत जागा म्हणून ‘हिरवं कपाट’ लिहिलं की झालं.

पन्नास चांगली पुस्तकं पुरेत. आधी निर्लेखन करा, म्हणजे कालबाह्य पुस्तकं काढून टाका, मगच खरेदी. औषधं, मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, गरोदरपण या विषयांवरचं पाच वर्षांपेक्षा जुनं पुस्तक बाजूला काढून पाहा. त्यातले आकडे आणि औषधं बदललेली असू शकतात. शरीररचनेचं पुस्तक जुनं असलं तरी चालतं. यकृत अजून उजवीकडेच आहे. देणगीत आलेल्या पुस्तिका हा वेगळाच त्रास असतो. ‘मधुमेह मुळापासून नष्ट’, ‘कॅन्सरवर रामबाण’ अशी भाषा दिसली की ती पुस्तिका कपाटात जाणार नाही, देणगीदार कितीही वजनदार असो. अशा दाव्यांची जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यानं मना आहे. देणगीदाराला नाही म्हणताना हा कायदा मोठ्या कामी येतो, कारण मग नकार तुमचा राहत नाही.

मोफत साहित्यात मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरच्या वैद्यकीय नोंदी शरीर आणि आजार समजून घ्यायला चांगल्या आहेत, उपचारासाठी मात्र वापरू नका. आहारासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेली सतरा मार्गदर्शक तत्त्वं पाहा.

आणि कपाट कुठे ठेवायचं? टेबलासमोर नको आणि वर्तमानपत्रांच्या मेजाजवळ तर नकोच. तिथे सकाळपासून अख्खा मोहल्ला बसलेला असतो. टीबीचं किंवा पाळीचं पुस्तक काढणारी बाई त्या दहा जणांसमोर हात पुढे करणार नाही.

टेबलावरचं बोलणं

या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात स्वस्त भाग हाच. माणूस आला की पुस्तकाकडे धावू नका. चार प्रश्न विचारा, याच क्रमानं.

“काका, तुमच्यासाठी पाहिजे की घरी कोणासाठी?”
“डॉक्टरांनी काही सांगितलं आहे, की अजून दाखवायचं आहे?”
“नेमकं काय समजून घ्यायचं आहे?”
“मी वाचून दाखवू, की घरी नेता?”

चौथा प्रश्न असाच विचारायचा. “तुम्हाला वाचता येतं का?” असं कधीही नाही. ‘चष्मा घरी राहिला’, ‘पोराला दाखवतो’, ‘अक्षर फार बारीक आहे’ ही तिन्ही वाक्यं बहुधा एकाच गोष्टीची सभ्य रूपं असतात. त्यावर “हो, अक्षर बारीकच आहे, मीच वाचतो,” एवढं म्हणून पुढे जा.

आता हद्द. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवणं तुमचं काम आहे. ते बरोबर की चूक, घ्यावं की सोडावं, हे तुमचं काम नाही. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. ‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ गरज पडली तरच. हे सांगा. पण समोरचा म्हणाला, “गोळ्या घेऊन राहिलो, पण बीपी काही कमी नाही होऊन राहिला, दोन घेऊ का?” की तिथे थांबायचं. “हे डॉक्टरांनाच विचारावं लागेल. काय विचारायचं ते आपण लिहून काढू,” असं म्हणून खरोखर एक चिठ्ठी लिहून द्या: किती दिवस घेतली, कोणत्या वेळी घेतली, मधे किती दिवस चुकली, दुसरं कुठलं औषध चालू आहे. ही चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस ओपीडीच्या मोजक्या मिनिटांत कामाचं बोलतो.

गोळीच्या पाकिटावरची उभी लाल रेघ काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. मुलांच्या तापाच्या सिरपबद्दल एक गोष्ट आवर्जून दाखवा. एकाच औषधाच्या एका बाटलीत दर ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. मोठ्या पोराची बाटली धाकट्याला त्याच मापानं पाजली की मात्रा दुप्पट होते. घरातला चहाचा चमचा हेही माप नव्हे. बाटलीसोबत आलेलं झाकण किंवा कप वापरायचा.

शेवटी उलटतपासणी, पण ती माणसाची नाही, आपल्या सांगण्याची. “समजलं का?” विचारलं की सगळेच “हो” म्हणतात. त्याऐवजी, “मी बरोबर सांगितलं की नाही ते पाहतो. घरी काकूंना काय सांगाल?” चुकलं तर पुन्हा, दुसऱ्या शब्दांत. तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हटल्यानं काही होत नाही.

छातीत दुखतंय, एक बाजू लुळी पडतेय, श्वास लागतोय, असं कोणी सांगितलं तर हे चारही प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी १०८ लावा.

शब्दांचे सापळे

मराठी आणि हिंदी एकाच लिपीत असल्यानं ‘हिंदीवाल्यांनाही कळेल’ असं वाटतं. कळत नाही, आणि कधीकधी उलटं कळतं. मराठीत जुलाब म्हणजे पातळ शौचाला होणं. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. ‘जुलाब झाल्यास’ हे हिंदी वाचकाला ‘दस्त लगने पर’ असंच लिहायला हवं. मराठीतला ताप हिंदीत बुखार. कावीळ म्हणजे पीलिया. गोवर म्हणजे खसरा, आणि ‘गोवर’ हा शब्द हिंदी कानांना भलताच ऐकू येतो. कांजिण्या म्हणजे छोटी माता.

मराठीतल्या मराठीतही घोळ आहे. ‘झटका आला होता’ याचे आपल्याकडे तीन अर्थ: हृदयविकार, अर्धांगवायू आणि फिट. तिन्हींची पुस्तकं वेगळी, तिन्हींची काळजी वेगळी. विचारा: “छातीत दुखलं, हातपाय लुळा पडला, की अंग आखडलं?” ‘गॅस झाला’ म्हणजे पोटातच असेल असं नाही, छातीतल्या दुखण्यालाही लोक गॅस म्हणतात आणि त्यात वेळ जातो. ‘रक्त कमी आहे’ आणि ‘बीपी कमी आहे’ यांची सरमिसळ फार. ‘अंगावरून जातं’ यात पांढरं की लाल, हे विचारायला पुरुष ग्रंथपाल संकोचतो आणि सांगायला बाईही. अशा वेळी ओळखीच्या आशाताईंशी गाठ घालून द्या.

असे शब्द टेबलाच्या खणातल्या एका वहीत तीन रकान्यांत लिहीत चला: लोक काय म्हणतात, मराठी पुस्तकात काय असतं, हिंदीत काय. सहा महिन्यांत ती वही तुमच्या कुठल्याही कोशापेक्षा जास्त उघडली जाईल.

कागद करताना

एका कागदावर एकच काम. ‘उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी’ हे काम नाही, तो निबंध आहे. ‘ओआरएस कसं बनवायचं’ हे काम आहे. नमुना म्हणून तोच कागद घेऊ.

पाकिटावर किती पाण्यासाठी ते पाहा. मोठं पाकीट १ लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. उकळून गार केलेलं तेवढंच पाणी मोजून घ्या. अख्खं पाकीट एकदम टाका. ढवळा. घोट-घोट द्या. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा.

चुका कुठे होतात तेही त्याच कागदावर हवं. मोठं पाकीट एका गिलासात टाकतात. क्षार इतके गाढे होतात की पोराला आणखी त्रास होतो. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असं करतात. पुडीतले क्षार आणि ग्लुकोज सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, शिवाय उघड्या पुडीला ओल धरते. चव लागत नाही म्हणून वरून साखर घालतात, त्यानं जुलाब वाढू शकतात. चमचा शिगोशिग भरतात. आणि दुकानातून ‘ओआरएस’सारख्या नावाचं फळाच्या चवीचं गोड पेय आणून देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (अन्नपदार्थांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली, पण लोकांच्या तोंडी अजून तेच आहे.

छपाईबद्दल. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, दोन ओळींत अंतर मोकळं ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि झेरॉक्सवाल्याला पीडीएफ द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल त्याच्या संगणकावर उघडली की ‘ताप’चं भलतंच काही होतं, आणि शंभर प्रती निघाल्यावर ते दिसतं. उर्दू मजकूर वाचता येणाऱ्या माणसाकडून छापल्यानंतर पुन्हा तपासून घ्या, कारण अक्षरं सुटी पडून उलट क्रमानं छापली गेली तरी आपल्याला ओळखू येत नाही.

आकड्यांची खास काळजी घ्या. देवनागरी १ हा घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो. गोळ्यांच्या कागदावर आकड्याशेजारी अक्षरीही लिहा: ‘१ (एक) गोळी’. ‘१/२’ कधीच नको, त्याचं ‘एक किंवा दोन’ होतं. सरळ ‘अर्धी गोळी’ लिहा. ‘जेवणाआधी’ म्हणजे किती आधी, ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मिनिटांत लिहा.

छापण्याआधी दोन माणसांना दाखवा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला, मजकूर बरोबर आहे का म्हणून. आणि सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या कोणाला तरी, वाचून काय करायचं ते सांगता येतं का म्हणून. पहिल्यानं ‘छान आहे’ म्हटलं आणि दुसरा अडखळला, तर कागद अजून तयार नाही.

महिन्याची बैठक, आणि सिकलसेल

महिन्यातून एकदा, पाऊण तास, पंधरा-वीस माणसं. जास्त गोळा झाली की भाषण होतं. सकाळी अकराची वेळ पुरुष पदाधिकाऱ्यांच्या सोयीची. बायकांना दुपारी तीन बरी, मजुरांना रविवार संध्याकाळ. विषय एक. बोलायला आरोग्य केंद्रातली सिस्टर किंवा आशाताई, आणि त्यांना विषय आठ दिवस आधी लेखी द्या. औषध कंपनीचा किंवा खासगी लॅबचा माणूस ‘मोफत शिबिर घेतो’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

विदर्भात एक विषय टाळता येत नाही, तो म्हणजे सिकलसेल, आई-बापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात आहे, त्यामुळे अनेकांच्या घरी तपासणीचा कागद असतो. त्यावर ‘एएस’ लिहिलं की घरात रडारड आणि ‘एसएस’ लिहिलं तरी तितकीच, कारण दोन्हींत फरक काय ते कोणी नीट सांगितलेलं नसतं. एएस म्हणजे वाहक: बहुतेकांना त्रास नसतो, औषध लागत नाही. एसएस म्हणजे रुग्ण: नियमित उपचार हवेत.

समजवायला फळ्यापेक्षा मणी बरे. दोन डबे घ्या, एक आईचा, एक बापाचा; दोघंही एएस आहेत असं धरा. दोन्हींत एक पांढरा आणि एक लाल (सिकलसेलचा) मणी. जमलेल्यांपैकी कोणाला तरी न पाहता प्रत्येक डब्यातून एक मणी काढायला सांगा. दोन्ही लाल आले तर एसएस, एक लाल एक पांढरा तर एएस, दोन्ही पांढरे तर काहीच नाही. मणी परत टाका, पुन्हा काढा. वीसेक वेळा करा आणि फळ्यावर रेघा मारत चला. दोन्ही लाल साधारण चारांत एकदा येतात, हे लोक स्वतः पाहतात. इथे एक चूक नेहमी होते: ‘चार पोरांत एक आजारी, म्हणजे पहिला झाला तर बाकीचे तीन वाचले’. तसं नाही. मणी प्रत्येक वेळी डब्यात परत जातात, म्हणून प्रत्येक बाळंतपणात शक्यता पहिल्याइतकीच. हा मुद्दा तोंडी सांगून पटत नाही. मणी लागोपाठ दोनदा लाल आले की पटतो.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागते. “हा अमक्या समाजाचाच आजार” असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. विदर्भात तो अनेक समाजांत आहे. बैठकीत कोणाचा कागद मोठ्यानं वाचायचा नाही, ‘तुमच्यापैकी कोणाला आहे?’ विचारायचं नाही. लग्नाआधी दोघांनी तपासणी करून घेणं एवढा एक निरोप घेऊन लोक उठले तरी बैठक कामाची झाली.

मोबाइलवर आलेलं

“हे खरं आहे का?” म्हणून मोबाइल पुढे करणारे रोज येतील. हसू नका, रागावू नका. त्यांनी विचारलं हीच मोठी गोष्ट आहे. त्यांच्या हाताशी बसून तीन गोष्टी पाहा: कोणी लिहिलं आणि कधी, शेवटी काही विकायला आहे का, आणि सरकारी आरोग्य विभाग किंवा जागतिक आरोग्य संघटना त्याबद्दल काय म्हणते. बहुतेक मजकूर दुसऱ्याच प्रश्नावर गळतात. ‘डॉक्टर हे सांगत नाहीत’ किंवा ‘औषध कायमचं बंद’ असं असेल तर एकच सांगा: चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. रक्तदाबाची आणि टीबीची औषधं तर मुळीच नाहीत. टीबीत अर्धवट सोडलेल्या औषधामुळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, मग इलाज लांबतो आणि अवघड होतो.

ऋतू पाहून

कागद आजारामागे धावून नाही, आधी निघायला हवा. उष्माघाताचा मार्चअखेर तयार पाहिजे, मे उजाडल्यावर नाही. त्यात दोनच ओळी मोठ्या ठेवा: माणूस बरळायला लागला किंवा बेशुद्ध पडला तर सावलीत आणा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ लावा, शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

जुलैत डेंग्यू. आपल्याकडे त्याची गोम कूलरमध्ये आहे. पावसाळा लागला की कूलर बंद होतो, पण टाकीत दोन बोटं पाणी राहतं आणि तो तसाच खिडकीत दिवाळीपर्यंत लटकतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढायचं. नुसतं ओतून देणं पुरत नाही. अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात, म्हणून ब्रशनं घासायचं आणि कूलर बांधून ठेवण्याआधी टाकी पुसून कोरडी करायची. वाचनालयाच्या स्वतःच्या कूलरपासून सुरुवात करा. लोक पाहत असतात.

नोंद काय ठेवायची

अहवालासाठी ‘लाभार्थ्यांची’ नावं, फोन, आजार यांची यादी करायचा मोह पदाधिकाऱ्यांना होतो. करू नका. रजिस्टरमध्ये चार रकाने: तारीख, प्रश्न (नाव नाही), भाषा, काय दिलं. पुस्तकाच्या देवघेवीत नाव येणारच. मग ते रजिस्टर टेबलावर उघडं ठेवू नका, आणि वेळ टळलेल्या पुस्तकांची यादी फलकावर लावताना या कपाटातली पुस्तकं वगळा. त्या वाचकांना फोन करा, आणि फोन दुसऱ्या कोणी उचलला तर पुस्तकाचं नाव सांगू नका. वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाही. “टेबलाशी या, बोलू,” एवढंच.

चौथ्या रकान्यात काही वेळा ‘काही नाही’ असं लिहावं लागेल. ते खरंखुरं लिहा. महिनाअखेर फक्त त्या ओळी काढून आरोग्य केंद्रात घेऊन जा. तेलुगूत बाळाच्या लसींचं वेळापत्रक कोणी मागितलं होतं, डायलिसिसवर असताना केळं चालतं का, कोणी विचारलं होतं. केंद्रातून जेवढं मिळेल तेवढं आणा, आणि ज्या दिवशी तो माणूस पुन्हा वर्तमानपत्र वाचायला येईल त्या दिवशी, चारचौघांत नाही, जिन्याजवळ गाठून त्याच्या हातात द्या.